पॅनेलच्या मागे

लाखनीच्या पुढे, हायवेला लागून पत्र्याचा कारखाना.
एका टोकाला पांढरी पावडर ओततात,
दुसऱ्या टोकाने सागवान निघतं.
सागवान म्हणजे फोटो. वर लाकडाच्या रेघा, आत पोकळ.

मी मिक्सरवर. येत्या दिवाळीला चार वर्षं होतील.
गोणी ब्लेडने फाडायची, पोटापासून,
आणि तोंड फिरवून ओतायची.
तोंड फिरवणं कोणी शिकवलं नाही.
धान पाखडताना वारा कुठून येतो
हे पाठीला कळतं, तसं.

पण शेडमध्ये वारा नसतो.

माल मशीनमध्ये जळू नये म्हणून टाकतात त्याची गोणी वेगळी.
तिच्यावर इंग्रजी, आणि इंग्रजीखाली दोन चित्रं :
एकात वाळलेलं झाड, मेलेला मासा.
निरंजना म्हणाली, "पंचफुला, हे गोणी बोडीत धुवू नको बाप्पा,
मासोया मरतीन."
दुसऱ्यात माणूस होता. छातीत चांदणी फुटलेला.
आम्हाला वाटलं, कंपनीचा शिक्का.

घरकुलाच्या मागच्या भिंतीला ओल होती, पहिल्यापासून.
रंग उतरलेले पॅनेल कामगारांना अर्ध्या भावात मिळाले.
पाणी धरत नाही, उधई लागत नाही, बुरशी धरत नाही
असं त्यांच्या खोक्यावर छापलेलं असतं. खोके मीच बांधते.
आठ दिवस लोक बघायला येत होते,
बोटाने वाजवून बघायचे.

तिसऱ्या वर्षी वास सुरू झाला. ओल्या बारदान्याचा.
आचलने एक पट्टी उचकटली.
मागे काळे, हिरवे गोल, मखमलीसारखे,
एकात एक शिरलेले.
शेजारीण म्हणाली, "कायचं बाई,
प्लास्टिकले बुरशी लागते का कुठी?"

खोब्रागडे साहेबांना विचारलं.
"प्लास्टिकले नाही लागत," ते म्हणाले,
"त्याच्यावरच्या धुळीले लागते. तुमच्या घरातल्या वाफेले."
म्हणजे भाताच्या पेजेला. जवसाच्या फोडणीला.
रात्री आम्ही तिघं जो श्वास सोडतो
तो त्या पोकळीत जाऊन बसत होता
आणि कोणीतरी तो जेवत होतं.

त्यांनी एक बाटली दिली. मारा, म्हणाले,
पण दारं-खिडक्या उघड्या ठेवजा, लय उग्र आहे.
मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.
चार वर्षांत दार उघडं ठेवा असं
पहिल्यांदाच कोणी म्हणालं,
तेही माझ्या घराच्या दाराबद्दल.

आठ दिवसांनी गोल परत आले. त्याच जागांवर,
भाडं भरल्यासारखे.

मग सगळे पॅनेल काढून सांदवाडीत ठेवले,
दोडक्याच्या मांडवाला टेकवून.
तिथे ऊन खाऊन, पाऊस खाऊन
चकचकीत झाले मेले. नव्यासारखे.
भिंत मात्र तशीच, ओली, उघडी.

खोकला राहिलाच. पोटात मुरडा.
मंगळवारी डॉक्टरने विचारलं, काय काम करता?
म्हटलं, मिक्सरवर.
त्याने लिहिलं : मजुरी.
रजिस्टरात रकाना तेवढाच होता.

त्या रात्री आचल समोर बसून जेवत होती. मी कशावर तरी हसले.
ती थांबली.
"आई, तुह्या हिरड्यायले शाई लागली का?"
आरशात पाहिलं. दातांच्या मुळाशी
निळसर रेघ, पट्टीने ओढल्यासारखी.
मी चूळ भरली. पुन्हा भरली.

आज सकाळी गोणी फाडली ती पोटापासून नाही.
आधी चित्राच्या कडेने ब्लेड फिरवला, हळू.
तोंडाला दोन ओढण्या होत्या, हात थरथरत होता.
निरंजना म्हणाली, "काहून व?"
काही बोलले नाही.

आता तो माणूस डब्यात आहे, घडी करून,
भाकरीच्या फडक्याखाली नाही, वेगळ्या पिशवीत.
मंगळवारी डॉक्टरच्या टेबलावर ठेवीन.
रकाना नसला तर नसू दे.
बाजूला चिकटवता येईल.